पिंपातली एल: चाखावी कशी, मार्क द्यावेत कसे

इंग्लंडात नव्यानं आलेली मराठी मंडळी पबमध्ये गेली की बहुतेक वेळा गार लागर मागवतात, कारण तीच ओळखीची असते. काउंटरवर उभे असलेले लाकडी किंवा चिनीमातीच्या मुठीचे लांब दांडे त्यांना शोभेचे वाटतात. पण ते हातपंप आहेत. त्यांच्या खाली तळघरात पिंप असतं आणि त्या पिंपात अजून जिवंत असलेली बिअर. तिला कास्क एल किंवा रिअल एल म्हणतात. चार मित्रमैत्रिणींनी मिळून आसपासचे पब पायी हिंडायचे, अर्धा अर्धा पाइंट घ्यायचा आणि वहीत नोंद ठेवायची, हा इथला जुना छंद आहे. तो नीट करायचा तर थोडी पूर्वतयारी लागते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मार्क बिअरच्या कृतीला द्यायचे नसतात, ती सांभाळणाऱ्याला द्यायचे असतात. नीरा पहाटे गोड असते आणि ऊन चढलं की तिचीच ताडी होते. त्यात झाडाचा काय दोष? कास्क एलचंही तसंच आहे, फक्त इथे तासांऐवजी दिवस मोजायचे. एका ब्रुअरीतून एकाच दिवशी निघालेली दोन पिंपं दोन पबांत गेली, तर एका ठिकाणी दुसरा ग्लास मागावासा वाटतो आणि दुसऱ्या ठिकाणी पहिलाच संपत नाही.

तळघरात काय चालतं

केगमधली, म्हणजे हवाबंद धातूच्या पिंपातली, बिअर बहुधा गाळलेली असते, पुष्कळदा पाश्चराइझ केलेली, आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबानं वर येते. कास्क एल गाळत नाहीत. थोडी साखर आणि जिवंत यीस्ट ठेवूनच ती पिंपात भरतात. ती पिंपात पुन्हा थोडी आंबते आणि त्या आंबण्यातून तयार होणारा वायू हाच तिचा फेस आणि हीच तिची चुणचुण. बाहेरून गॅस भरायचा नसतो.

पिंप पबमध्ये आलं की ते तळघरातल्या घडवंचीवर आडवं ठेवतात आणि हलू नये म्हणून खाली पाचरी मारतात. वरच्या बुचात आधी मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, म्हणजे जादा वायू हळूहळू निघून जातो. जोर ओसरला की तिच्या जागी घट्ट खुंटी बसवतात. पुढच्या तोंडात लाकडी हातोड्यानं तोटी ठोकतात. मग गाळ खाली बसेपर्यंत एक-दोन दिवस हात लावायचा नाही. घाई केली तर गढूळ आणि कच्ची बिअर ग्लासात येते. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस ठेवतात. इंग्रज लोक कोमट बिअर पितात असं आपल्याकडे म्हटलं जातं, पण ते खरं नाही. नीट ठेवलेली एल माठातल्या पाण्यासारखी गार असते, फ्रिजमधल्या पाण्यासारखी नाही. कोमट लागली तर तो दोषच समजा.

पिंपातून जेवढी बिअर निघते तेवढी हवा आत जाते आणि तिथून घड्याळ सुरू होतं. पिंप फोडल्यापासून साधारण तीन दिवसांत ते संपायला हवं. आता हिशेब करा. सगळ्यात जास्त दिसणारं पिंप फर्किन, म्हणजे ९ गॅलन, ७२ पाइंट. तळाच्या गाळात दोन-तीन पाइंट जातात, उरले सुमारे ७०. तीन दिवसांत संपवायचे तर रोज २३-२४ पाइंट खपायला हवेत, आणि तेही एका पंपाचे. सहा पंप चालू असतील तर रोज १४० च्या वर. मंगळवारी संध्याकाळी पबमध्ये नऊ गिऱ्हाईकं बसली आहेत, त्यातली चार लागर पिताहेत आणि काउंटरवर आठ हातपंप चालू आहेत, असं दिसलं की सावध व्हा. दोन पंप ठेवणारा छोटा पब आठ पंपवाल्यापेक्षा पुष्कळदा चांगली बिअर देतो, त्याचं कारण हेच. नवख्या माणसाला भरपूर पर्याय म्हणजे चांगला पब असं वाटतं. पंप मोजायच्या आधी डोकी मोजायला शिका.

शाकाहारी मंडळींसाठी इथेच सांगायला हवं. गाळ लवकर बसावा म्हणून पारंपरिक पद्धतीत पिंपात आयसिंग्लास घालतात. हा पदार्थ माशाच्या वाळवलेल्या वाताशयापासून बनतो. तो यीस्टला घेऊन तळाशी जातो, तरी ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही. हल्ली बऱ्याच ब्रुअऱ्या त्याशिवाय बिअर बनवतात आणि पंपावरच्या पाटीवर 'अनफाइन्ड' किंवा 'व्हीगन' असं लिहितात. लिहिलेलं नसेल तर 'इज धिस वन व्हीगन?' एवढं विचारलं की पुरतं.

किती जणांनी, कधी, कुठे

चार जण हा आकडा उत्तम. दोघांत फार चवी होत नाहीत, सहा जणांना एका टेबलाशी जागा मिळत नाही. एका फेरीत तीन किंवा चार पब घ्या. त्याहून जास्त घेतले की जीभ थकते आणि शेवटच्या पबवर अन्याय होतो.

प्रत्येकानं पाइंटऐवजी अर्धा पाइंट घ्यावा. पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अर्धा २८४ चा. बऱ्याच ठिकाणी तिहाई, म्हणजे १८९ मिलिलिटरचे तीन छोटे ग्लास एका फळीवर मांडून मिळतात. तुलनेसाठी ते फार सोयीचं. ४ टक्के अल्कोहोलचा एक पाइंट म्हणजे सुमारे २.३ युनिट (ब्रिटनमधलं अल्कोहोल मोजायचं माप). ब्रिटनमधल्या आरोग्य सल्ल्यानुसार आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नये. चार पबांत एकेक अर्धा घेतला तर साडेचार युनिट होतात, म्हणजे तेवढ्यात संध्याकाळ सुखानं निभावते. गाडी चालवणाऱ्यानं मात्र अजिबात घेऊ नये. इंग्लंड-वेल्समध्ये रक्तातली मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडमध्ये ५०. पण आपल्या शरीराचा आकडा घोट घेताना कोणाला कळतो?

वार महत्त्वाचा. गुरुवार ते रविवार गर्दी असते, पिंपं भराभर संपतात. सोमवारी-मंगळवारी शनिवारी फोडलेल्या पिंपाचा तळ मिळायची शक्यता जास्त. दार उघडल्याउघडल्या पहिलं गिऱ्हाईक होण्यातही धोका आहे: रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर पहिल्या ग्लासात येते. चांगला पबवाला ती आधीच ओढून फेकून देतो, पण सगळे तसं करत नाहीत.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर आमचं मत शेफील्ड. लंडनमध्ये पब भरपूर आहेत, पण अंतरं आणि किमती दोन्ही अंगावर येतात. शेफील्डच्या रेल्वे स्टेशनातच एडवर्ड राजाच्या काळातली जुनी खानपानाची दालनं दुरुस्त करून 'शेफील्ड टॅप' हा पब थाटलेला आहे. भिंतींवरच्या फरशा आणि छत बघायलाही दहा मिनिटं द्या. तिथून ट्रामनं शेल्समूर थांब्यावर उतरलं की केल्हम आयलंड हा जुन्या पोलाद कारखान्यांचा भाग पायी दोन-चार मिनिटांवर. 'फॅट कॅट' १९८१ साली फक्त रिअल एलच्या जोरावर उभा राहिला आणि या भागाचं नशीब त्यानं पालटलं. तिथून अगदी जवळ 'केल्हम आयलंड टॅव्हर्न' आहे, त्याला २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम पब म्हणून मान मिळाला होता. हे तीन पब एका संध्याकाळीला पुरेसे आहेत. निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा तपासा. सोमवारी काही पब उशिरा उघडतात, काही उघडतच नाहीत.

याच परिसरात दोन बिअर वारंवार भेटतील. एक ॲबीडेल ब्रुअरीची 'मूनशाइन', ४.३ टक्क्यांची, फिकट आणि फळांच्या वासाची. दुसरी थॉर्नब्रिजची 'जयपूर', ५.९ टक्क्यांची इंडिया पेल एल. नाव वाचून आपली मंडळी हमखास तीच मागतात. मागा, पण शेवटी मागा: ती चार टक्क्यांच्या बिअरसारखीच सहज उतरते आणि मग पुढच्या बिअरच्या चवी पुसून टाकते. इंडिया पेल एल म्हणजे भारतासाठीच शोधून काढलेली बिअर, ही कथा अर्धीच खरी आहे. भरपूर हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) घातलेल्या फिकट एल इंग्लंडात आधीपासून होत्या. त्यातल्या काही अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून जहाजानं आफ्रिकेच्या केपला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला जाऊ लागल्या. त्या प्रवासात टिकल्या आणि नावारूपाला आल्या. १८२० च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ब्रुअऱ्यांनी तो धंदा उचलला. हॉप्स घातले की बिअर लवकर नासत नाही, यामागचं कारण एवढंच.

काउंटरवर

इथे टेबलावर वेटर येत नाही. काउंटरशी जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, ग्लास स्वतः उचलून आणायचे. रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि बारवाल्यानं चुकून आधी आपल्याला विचारलं तर 'शी वॉज बिफोर मी' म्हणायचं. नोट फडकावणं, चुटकी वाजवणं, 'एक्स्क्यूज मी' ओरडणं यानं उशीरच होतो. टिप द्यायची पद्धत नाही. फारच आवडलं तर पैसे देताना 'अँड वन फॉर युअरसेल्फ' म्हणतात.

वय १८ हवं. पंचविशीच्या आतला चेहरा दिसला की ओळखपत्र मागतात, त्यामुळे विद्यार्थ्यांनी पासपोर्ट, ब्रिटिश वाहन परवाना किंवा 'पास' या वयाच्या पुराव्याच्या योजनेचा होलोग्राम असलेलं कार्ड जवळ ठेवावं. फोनमधला पासपोर्टचा फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही.

आपल्याकडे टीटीएमएम चालतं, इथे 'राउंड' चालतो: एकानं सगळ्यांसाठी आणायचं, पुढच्या खेपेला दुसऱ्यानं. चार जण, चार पब, प्रत्येकाचा एक राउंड, हिशेब आपोआप बसतो. न पिणाऱ्याला यात अवघडल्यासारखं होतं. त्यानं पहिल्याच पबमध्ये 'मी राउंडमध्ये नाही, माझं लाइम-सोडा मी घेतो' असं सांगून टाकावं; कोणी वाईट मानत नाही. यादी बारवाल्याला एका दमात सांगा. त्यात गिनेस असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, कारण ते ओतल्यावर स्थिरावायला दोनेक मिनिटं लागतात.

पंपावरची पाटी वाचा: बिअरचं नाव, ब्रुअरी, टक्केवारी. पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे किंवा अजून तयार नाही. कधीकधी हातपंपासारख्या दिसणाऱ्या दांड्याला केगमधली बिअर जोडलेली असते. शंका आली तर 'इज दॅट कास्क?' असं विचारा. मागण्याआधी चव बघायला मिळते, 'कुड आय ट्राय द मूनशाइन, प्लीज?' म्हटलं की घोटभर देतात. एक-दोन चवी ठीक. शुक्रवारी रात्री नऊ वाजता पाच चवी मागणारा माणूस मागच्यांच्या शिव्या खातो.

आता ओतताना नीट बघा, अर्धं परीक्षण इथेच होतं. हातपंपाच्या एका ओढीत साधारण पाव ते अर्धा पाइंट येतो. नळीत आणि पंपात आधीपासून थांबलेली बिअर सगळ्यात आधी ग्लासात पडते, आणि गिऱ्हाईक कमी असेल तर ती कोमट आणि मेलेली असते. जाणता बारवाला अशा वेळी पहिली ओढ मोरीत सोडतो. तो तसं करताना दिसला तर वहीत लगेच टिंब काढून ठेवा. ग्लास स्वच्छ घेतला का, की तुमच्याच उष्ट्या ग्लासात तोटी बुडवून पुन्हा भरला? तोटीच्या टोकाला बारीक भोकांची टोपी असते, तिला स्पार्कलर म्हणतात. यॉर्कशरमध्ये ती लावून दाट, सायीसारखा फेस काढतात; दक्षिणेत बहुतेक ठिकाणी ती काढून ठेवतात. चूक-बरोबर काही नाही, मात्र वहीत लिहा, कारण तीच बिअर स्पार्कलरनं मऊ आणि कमी कडू लागते.

ग्लास काठापर्यंत मापाचा असेल तर फेसामुळे बिअर थोडी कमीच येते. या धंद्यातला संकेत असा की निदान ९५ टक्के द्रव हवा आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर भरून द्यायचं. 'कुड यू टॉप दॅट अप, प्लीज?' हे हसून म्हणायचं वाक्य आहे, भांडणाचं नव्हे.

ग्लास हातात आल्यावर

आपल्यात उष्ट्याचा प्रश्न येतोच. चौघांनी चार वेगळ्या बिअर घेतल्या तर प्रत्येकाला चारही चाखायच्या असतात. त्यासाठी एकच ग्लास फिरवण्याऐवजी काउंटरवरून चार रिकामे छोटे ग्लास मागून घ्या. मागितले की देतात. पहिला घोट घेण्याआधीच प्रत्येकाचा वाटा त्यात ओता.

आधी उजेडाकडे धरून बघा, मग वास घ्या, मग चांगला तोंडभर घोट घ्या. चिमणीसारखं चोखलं तर एलचा कडूपणा कळत नाही, तो गिळल्यानंतर नीट उमटतो. चुणचुण जाणवली पाहिजे, पण सोड्यासारखी नाकात जाता कामा नये. ग्लास खाली जाईल तसे आत फेसाचे पांढरे कडे राहत गेले तर ग्लास स्वच्छ आणि बिअर धडधाकट. उलट आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लासाला चिकटा आहे. आणि फेस पटकन विरला तर लगेच पबवर खापर फोडू नका. तुम्ही चिप्स खाऊन तेलकट ओठांनी प्यायलात का? तेलानं फेस मरतो. चखना बिअरची नोंद झाल्यावर घ्या.

शैलीची तोंडओळख हवी, नाहीतर गुण आणि दोष यांची गल्लत होते. माइल्ड गडद, हलकी, कमी कडू. बिटर म्हणजे तांबूस, बिस्किटासारख्या माल्टची (मोड आणून भाजलेल्या धान्याची) आणि शेवटी कडवट. लुइसच्या हार्वीजची 'ससेक्स बेस्ट' किंवा कीथलीच्या टिमथी टेलरची 'लँडलॉर्ड' हे तिचे उत्तम नमुने. गोल्डन एल फिकट आणि लिंबूवर्गी वासाची. पोर्टर आणि स्टाउट काळ्या, भाजलेल्या धान्याच्या चवीच्या. बिटर कडू लागली म्हणून मार्क कापणं हे कारल्याच्या भाजीला कडू म्हणून नावं ठेवण्यासारखं आहे.

खरे दोष असे ओळखा.

शिरक्याचा आंबट वास आणि घशाशी टोचणारी चव: पिंप जुनं झालं, हवेनं आणि जिवाणूंनी काम केलं. हा सर्वांत जास्त भेटणारा दोष आणि इथे चर्चेला जागा नाही. मुद्दाम आंबट केलेल्या बिअर असतात, पण त्यांच्या पाटीवर तसं लिहिलेलं असतं.

भिजलेल्या पुठ्ठ्याची, जुन्या वर्तमानपत्राची चव म्हणजे प्राणवायूनं शिळी केलेली बिअर. ती आंबट नसते, त्यामुळे नवख्यांना 'काहीतरी कमी आहे' एवढंच जाणवतं. संपत आलेल्या पिंपात ही चव आधी येते.

लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास अगदी पुसट असेल तर काही जुन्या धाटणीच्या बिटरमध्ये तो खपतो. जीभ तुपकट होईल इतका असेल तर आंबवण अर्धवट राहिली आहे किंवा नळ्यांत घाण आहे. नळ्या दर आठवड्याला धुवायच्या असतात. हिरव्या सफरचंदाचा वास बहुधा कोवळ्या, घाईनं काढलेल्या बिअरचा. दवाखान्याचा, जंतुनाशकाचा वास आला तर रानटी यीस्ट घुसलं आहे किंवा नळी धुतलेलं औषध नीट निघालेलं नाही. असा ग्लास तिथेच खाली ठेवायचा.

पेटलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा हलका वास मात्र फसवा आहे. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, तिथल्या पारंपरिक एलना हा गंधकाचा वास येतोच आणि मिनिटभरात उडून जातो. तो गुण धरतात.

गढूळपणाची तीन कारणं असतात आणि तिन्हींचा निकाल वेगळा. बिअर फार गार झाली तर धुरकट होते, चव ठीक असते आणि ग्लास तळहातात धरून थोडी ऊब दिली की निवळते. पिंपाचा तळ आला किंवा पिंप हललं तर गाळ येतो, चव यीस्टची, तुरट. ती परत करा. तिसरं कारण म्हणजे ब्रुअरीनं मुद्दाम न निवळवलेली बिअर. पाटी वाचल्याशिवाय या तिसऱ्या बाबतीत तोंड उघडू नये, कारण बारवाल्याला हे दिवसातून दहादा समजावून सांगावं लागतं.

परत करायचं तर दोन घोटांत करा. अर्धा ग्लास रिकामा करून तक्रार नेली तर कोण ऐकेल? काउंटरशी जाऊन हळू आवाजात: 'सॉरी, आय थिंक दिस वन्स गॉन ऑफ. कुड यू हॅव अ टेस्ट?' चांगल्या पबमध्ये ते स्वतः चाखतात, ग्लास बदलून देतात आणि त्या पंपाची पाटी उलटी फिरवतात. असं झालं तर पबचे मार्क वाढवा. पिंप कुठेही बिघडू शकतं. कळल्यावर काय करतात यावर पबची परीक्षा होते. वाद घालू लागले तर ग्लास ठेवून निघा.

मार्क देणं

स्वतःची मोजपट्टी बनवू नका, तयार आणि चांगली उपलब्ध आहे. रिअल एल वाचवण्यासाठी १९७१ साली स्थापन झालेल्या कॅम्रा या ग्राहक संघटनेचे सभासद ० ते ५ असे मार्क देतात, मध्ये अर्धेही चालतात. त्यांच्या शाखा वार्षिक सूचीत कोणते पब घ्यायचे हे ठरवताना हेच मार्क बघतात. अर्थ साधारण असा:

० : पिण्याजोगी नाही, परत केली, किंवा कास्क एल मिळतच नाही.
१ : नाइलाजानं संपवली.
२ : ठीकठाक. प्यायली, लक्षातही राहिली नाही.
३ : चांगली. पुढच्या पबला जायचं रद्द करून इथेच अजून एक घ्यावी असं वाटलं.
४ : फारच छान, उत्तम सांभाळलेली.
५ : आयुष्यात मोजक्या वेळा मिळते तशी.

नवख्यांची चूक ठरलेली: दहावीच्या निकालासारखी खैरात करायची आणि सगळ्यांना ४ वाटायचे. ३ हा मान आहे हे लक्षात घ्या. ५ तर वर्षातून एखादा. उलट, न आवडणाऱ्या शैलीला रागानं १ देऊ नका. स्टाउट आवडत नसेल तर तिच्यापुरते मार्क देणं सोडून द्या.

प्रत्येकानं आपला आकडा आधी लिहायचा, मग बोलायचं. गटात एकजण नेहमी ठामपणे बोलणारा असतो, त्यानं 'वा!' म्हटलं की बाकीच्यांच्या जिभा त्याच्यामागे जातात. आकडे उघडल्यावर एकाच बिअरमध्ये एकापेक्षा जास्त मार्कांचा फरक दिसला तर कोणाचा ग्लास आधी ओतला गेला ते आठवा. बरेचदा कमी मार्कवाल्याला नळीतली बिअर मिळालेली असते. अशा वेळी सरासरी काढण्याऐवजी तीच बिअर पुन्हा एक अर्धा मागवा.

सरावासाठी एकच उत्तम धडा: एकाच संध्याकाळी, एकच बिअर, दोन पबांत. शेफील्डमध्ये मूनशाइननं हे सहज जमतं. दोन ग्लासांतला फरक हा तळघराचा फरक, आणि तो एकदा जिभेला कळला की पुढचं सगळं सोपं.

नोंद लिहिणं

तारीख, वार, वेळ, बिअर, ब्रुअरी, टक्केवारी, पाइंटची किंमत, चालू पंप किती, माणसं साधारण किती, स्पार्कलर होता का, मार्क. हे सगळं पबमध्येच, बसल्या जागी. दुसऱ्या दिवशी आठवणीतून लिहिलेली नोंद कौतुकानं भरलेली आणि निरुपयोगी असते. वेळ आणि वार न लिहिलेल्या मार्कांना तर काहीच अर्थ नाही.

इतरांना वाचायला द्यायचं परीक्षण लहान ठेवा. नमुना:

'गुरुवार, संध्याकाळी ६.४०. पाच पंप, तीन चालू, पंचवीसेक माणसं. बेस्ट बिटर, ४ टक्के: स्वच्छ, गार, फेसाचे कडे तळापर्यंत. सुरुवातीला बिस्किट, शेवटी कोरडा कडूपणा. ३.५. गोल्डन एल: पहिला ग्लास मरगळलेला, न सांगता बदलून दिला, दुसरा ३. मागची छोटी खोली शांत, दाराशी एक पायरी. शाकाहारी 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) एक. चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात, विचारून घ्या. फक्त तळमजल्याला स्वच्छतागृह.'

यातलं चरबीचं वाक्य उगीच नाही. उत्तर इंग्लंडात चिप्स (इथे याचा अर्थ बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी) चरबीत तळायची जुनी रीत अजून काही ठिकाणी आहे. काउंटरवर पाकिटात मिळणारे पोर्क स्क्रॅचिंग्ज म्हणजे डुकराची तळलेली कातडी. नाव न वाचता कुरकुरे समजून उचलू नका. खारे दाणे मात्र सगळीकडे मिळतात आणि बिटरबरोबर त्यांचं छान जमतं.

बिअरचे मार्क आणि पबची माहिती वेगवेगळी ठेवा. शेकोटी, कुत्रा, गप्पिष्ट मालक यांनी बिअर सुधारत नाही. काम करणाऱ्यांची नावं लिहू नका. आणि एका भेटीवर पब बाद करू नका. वेगवेगळ्या वारी तीनदा जा, मग बोला.

बंद होण्याआधी घंटा वाजते आणि 'लास्ट ऑर्डर्स' असा पुकारा होतो. त्यानंतर मागू नये, हातातलं संपवावं आणि निघताना रिकामे ग्लास काउंटरवर नेऊन ठेवावेत. शेवटच्या गाडीची वेळ तिसऱ्या पबमध्येच बघून घ्या. फेरीतल्या शेवटच्या पबच्या मार्कांपुढे वहीत एक फुली मारा, कारण तोवर जीभ बोथट झालेली असते. पुढच्या खेपेला तोच पब पहिला घ्या.